पोचपावती

साडेपाचला काउंटरची फळी खाली ओढते.
शिक्क्याची शाई काही बोटांवरून जात नाही,
तशीच घेऊन चढते मी फोंड्याहून मडगावच्या बसमध्ये.
पिशवीत रिकामा डबा, चष्मा,
आणि पुस्तक, ज्याला बाकावरच्या सिद्धीने
खाकी कव्हर घालून दिलंय,
पहिलीतल्या पोराला घालून द्यावं तसं.

बोरीच्या पुलावर बस रखडतेच.
खाली झुआरी, रेतीची एक होडी,
आणि मी पुटपुटते कलमं.
शेजारच्या बाईला वाटतं जप चाललाय.
ती आदराने सरकून बसते.

त्रेपन्न.
पहिल्या दिवशी मी दारात दिसले
आणि सगळा वर्ग उभा राहिला.
मी म्हटलं, बसा रे, मलाही बसायचंय,
गुडघा दुखतो.
रायन फुर्तादो अजूनही मला पाहून अर्धा उठतो
आणि मग आठवून बसतो.

चोवीस वर्षं मी नोटिसा पाठवल्या.
वजन केलं, तिकीट लावलं, शिक्का मारला,
पाठीला पोचपावती डकवली.
कोर्टाचं पाकीट हाताला कळतं.
पातळ असतं, आणि कडा नको तितक्या सरळ.
आमचा पोस्टमन दामू सांगायचा,
सही करताना माणसं पेन दोनदा झटकतात,
काही तर दाराआडून स्वतःच ओरडतात,
घरी नाहीत म्हणून.
आम्ही हसायचो.
पाकिटात काय, ते आमचं काम नव्हतं.

परवा मिनेझिस मॅडमनी फळ्यावर एक रेघ ओढली,
वरून खाली, मधोमध.
म्हणाल्या, गोव्यात लग्न झालं, वेगळा करार नाही,
तर त्या दिवसापासून अर्धं तिचं.
तो गेल्यावर नव्हे. तो देतो म्हणूनही नव्हे.
वाटणी होते ती त्याच्या अर्ध्याची.
खडू मोडला. त्यांनी दुसरा घेतला.
पोरांनी उतरवून घेतलं, दोन गुणांना येतं.

माझ्या वहीत त्या ओळीखाली पान कोरं आहे.

सावईवेऱ्याचा सोपा.
बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी
नोटरीचा माणूस घरीच आणलेला, जाडजूड वही घेऊन.
त्याला आधी चहा, मग उकडलेले फणसाचे गरे.
थोरल्या भावजींचं बोट कागदावर:
"कुंदा, हांगा सही कर गो. नुसती रीत."
पूर्वा मांडीवर, सहा वर्षांची, नाक वाहतंय.
मागे कुळागर, पाट सोडलेला,
पोफळींच्या बुंध्यांना पाणी लागत होतं
त्याचा आवाज येत होता.
मी सही केली.
अक्षर छान आलं. ते तसं म्हणालेसुद्धा.

तास संपल्यावर मी मॅडमपाशी गेले.
विचारलं, असं सोडून दिलेलं परत मागता येतं का?
कुणाची केस?
एका ओळखीच्या बाईची, म्हटलं.
त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, शाईकडे असेल.
म्हणाल्या, तिला सांगा, आधी दस्ताची नक्कल काढ,
मग बघू नेमकं काय सोडलं.

भावजी आता ब्याऐंशीचे.
चवथीला माटोळीसाठी नारळांची पेंड अजून तेच पाठवतात,
सुपाऱ्यांचा घड, एक तोरिंग.
औषधांच्या बाटल्या मलाच वाचायला लावतात,
ही सकाळची की रात्रीची,
आणि मी वाचते, नीट, दोनदा.

नकलेचा अर्ज लिहून ठेवलाय पुस्तकात,
खूण म्हणून.
शेवटची बस आठ चाळीसची.
पुलावर काही दिसत नाही, फक्त होडीवरचा एक दिवा.
इतकी वर्षं झाली, मुदत संपलीही असेल.
मला ठाऊक नाही.
मुदतीचा कायदा पुढच्या सत्रात आहे.